कंपनीच्या स्टिरिओला अॅम्प जोडायचा, पण सिग्नल कुठून घ्यायचा?

गाडीतला कंपनीचा स्टिरिओ मोठा केला की आवाज फाटतो, म्हणून अॅम्प्लिफायर बसवायचं ठरतं. दुकानात मग सगळी चर्चा वॅटवर होते. निर्णय खरा ठरतो तो अॅम्पला सिग्नल कुठून देणार यावर, कारण बहुतेक कंपनी-स्टिरिओंना मागे आरसीए आउटपुट (अॅम्पला सिग्नल देणारं गोल सॉकेट) नसतंच.

तरी वॅटचं आधी उरकू. स्टिरिओच्या माहितीपत्रकात 50 × 4 (चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॅट) छापलेलं असलं, तरी आतली चिप दर चॅनलला सलग साधारण 15 ते 20 वॅटच देते. अॅम्पने खरे 50 दिले तर वाढ चार-पाच डेसिबलची. पॉवर दुप्पट झाली की तीन डेसिबल, असा हिशेब आहे. त्यामुळे नुसत्या मोठ्या आवाजासाठी अॅम्प घेऊ नका. ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी गायकाचा आवाज चिरडत नाही, ही खरी कमाई. माझ्या मते पैसे त्यासाठीच मोजावेत.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला अॅम्प. स्टिरिओकडून स्पीकरला जाणाऱ्या वायरी थेट त्यात जातात. स्टीयरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा जसेच्या तसे चालतात. असे बरेच अॅम्प सिग्नल आला की आपोआप चालू होतात, अॅम्प चालू-बंद करणारी वेगळी रिमोट वायर लागत नाही. घरी फक्त आरसीएवाला अॅम्प पडून असेल, तर मध्ये स्पीकरचा सिग्नल आरसीएला चालेल असा करणारा कन्व्हर्टर लावता येतो. स्वस्तातला कन्व्हर्टर मात्र खालचा बास खातो. दोन्हीकडे एक सांभाळा: बहुतेक स्टिरिओंत स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे गाडीची अर्थ (लोखंडी बॉडीची जोडणी) नव्हे. दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट असतात. निगेटिव्ह बॉडीला जोडली तर चिप जळू शकते.

डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारी चिप) असलेला अॅम्प महाग पडतो. तो लागेल का, हे घरीच तपासा. बास भरपूर असलेलं गाणं हळू लावा, मग आवाज चढवत न्या. वरचा आवाज वाढतोय पण बास मागेच राहतोय, असं झालं तर छोटे स्पीकर वाचवायला कंपनीने तो कापलाय. अशा वेळी स्टिरिओ एका ठरावीक आवाजावर ठेवून डीएसपीच्या नॉबने कमी-जास्त करणं हा चांगला उपाय.

स्टिरिओच बदलला तर दोन ते चार व्होल्टचं स्वच्छ आरसीए आउटपुट मिळतं. जुन्या डिन साच्याच्या (स्टिरिओसाठी ठरावीक मापाची खाच असलेल्या) गाडीत मी हेच करीन. नव्या गाडीत त्याच स्क्रीनवर कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग असतात. तिथे हाय-लेव्हल अॅम्पच बरा, तोही मूळ कपलरमध्ये बसणाऱ्या हार्नेससकट (तयार वायरींच्या जुडग्यासकट). वायर कापली की वॉरंटीचा वाद ओढवतो.

पर्याय कोणताही घ्या, पॉवर थेट बॅटरीवरून आणा. 50 × 4 चा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अॅम्प पूर्ण जोरात 18 अँपिअरच्या आसपास ओढतो, क्लास एबी (जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा) 26 च्या. स्टिरिओचा स्वतःचा फ्यूज बहुधा 10-15 चाच असतो. वायर शुद्ध तांब्याची मागा, वर तांबं चढवलेली अॅल्युमिनियमची नको. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत हवा. अर्थ द्यायच्या जागचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून घ्या. अर्थ कच्ची राहिली की एक्सलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.