.२२ पिस्तुलाची ग्रिप: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा पिस्तुलाचा रिव्ह्यू नाही. पिस्तूल क्लबचं आहे, .२२ बोअरचं सेमी ऑटोमॅटिक, पुण्यात बालेवाडीला दर रविवारी हातात मिळतं. माझी आहे ती फक्त अक्रोडाची ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ. एका स्क्रूवर बसते आणि निघते. सराव संपला की मी ती पिशवीत घालून साताऱ्याला परत आणते. सोमवार ते शनिवार इथे १० मीटरवर एअर पिस्तूल, रविवारी पहाटेची एसटी धरून २५ मीटर. गेले आठ महिने असंच चाललंय.

ग्रिप घेताना दुकानदाराने सांगितलं, "मीडियम घ्या, सगळ्यांना बसते." मला नाही बसली. माझा हात लहान आहे. पहिल्या दिवशी धरली तेव्हा मात्र फार आवडली होती. भरीव, गुळगुळीत, तळहात सगळीकडून टेकलेला. मी खूश होऊन घरी आले. आता कळतंय की हाताला बरं वाटणं आणि ग्रिप बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात दोन मिनिटं धरून यातलं काहीच समजत नाही.

खरी परीक्षा रॅपिडमध्ये, म्हणजे २५ मीटरच्या झटपट मारायच्या फेरीत होते. हात खाली ४५ अंशांत धरून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी मारायची. मग सात सेकंद लाल, पुन्हा हिरवा. अशा पाच. हात वर येतो तेव्हा पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या साइटच्या खाचेत मधोमध आलेली असायला हवी. नसेल तर ती मनगट वळवून आणावी लागते आणि तीन सेकंदांत तेवढा वेळ नसतो. मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर नियमाने जास्तीत जास्त २२ सेंमी. तिथे १ मिलिमीटरची चूक झाली तर २५ मीटरवर गोळी साधारण ११ सेंमी सरकते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरायच्या फेरीच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंमी व्यासाचं आहे, म्हणजे गोळी थेट सहाच्या घरात.

माझी पुढची साइट दर वेळी खाचेच्या डाव्या कडेला चिकटून यायची. मी पाय बदलून पाहिले, पण पाय बदलले की अख्खं पिस्तूल वळतं, दोन साइटमधला आपसातला वाकडेपणा तसाच राहतो. तो ग्रिपमुळे असतो. डोळे मिटून हात उचलायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून बघायचं, ही तपासणी मी रोज एअर पिस्तुलावर करते. .२२ वर ती करायला रविवारची वाट बघावी लागते. म्हणून तर एवढे महिने गेले.

दुसरी अडचण बोटाची. ग्रिप मागच्या बाजूला जाड असल्याने तर्जनी ट्रिगरवर पुरती पोचत नव्हती, नुसतं टोक लागायचं. या प्रकारात ट्रिगरला किमान १००० ग्रॅमचा दाब लागतो. तो टोकाने दिला की बोट सरळ मागे येण्याऐवजी पिस्तुलाला डावीकडे ढकलतं. ट्रिगरची जागा मागे सरकवता येते, पण पिस्तूल क्लबचं, आणखी चौघीजणी वापरतात. तेव्हा लाकूडच काढायचं ठरवलं.

आमच्या गल्लीतले सुतारमामा म्हणाले, "पोरी, लाकूड काढाय येतं, परत घालाय येत नाय. कुठलं काढायचं ते आधी दाव." मग घरात कुंकू पाण्यात कालवलं, तळहाताला लावलं आणि ग्रिप नेहमीसारखी धरली. सोडल्यावर बघते तर अंगठ्याच्या मुळाशी लालभडक ठसा आणि मधल्या बोटाखाली लाकूड कोरडं. जिथे दाब नको तिथे सगळा दाब, जिथे हवा तिथे पोकळ. मामांनी मागची उजवी बाजू कानशीने थोडी थोडी उतरवली. दर रविवारी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त कधीच नाही. मधल्या आणि अनामिकेच्या खोबणीत भुसा आणि इपॉक्सी मिसळून भर घातली. तर्जनीच्या बाजूचं लाकूड एवढं खोल केलं की बोट आणि ग्रिप यांच्यामधून उजेड दिसतो. ते बोट लाकडाला घासलं तर ट्रिगर ओढताना अख्खं पिस्तूल सोबत ओढलं जातं.

माझे वडील, दादा, फौजेतून निवृत्त. रायफल आयुष्यभर धरलेली. माझी पकड बघून म्हणाले, "आगं, पिस्तूल धरलंयस का कुऱ्हाड?" ते बरोबर होतं. मी करंगळी आणि अंगठा दोन्ही आवळत होते. आता जोर मधल्या बोटात आणि अनामिकेत, तोही सरळ मागे. करंगळी नुसती टेकलेली, अंगठा सैल. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मात्र जाईल तितकी वर सरकवते. हात जितका वर, तितकी नळी हाताच्या जवळ आणि झटक्याने तोंड उसळणं कमी. मनगट मात्र सैल सोडून चालत नाही. सेमी ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटल्यावर बोल्ट, म्हणजे आतला सरकता भाग, मागे जाऊन पुढची गोळी भरतो. मागे हाताचा आधार नसला की तो अर्धवट फिरतो आणि काडतूस अडकतं. सुरुवातीला माझं दोनदा असं झालं.

खालच्या पाम शेल्फबद्दल, म्हणजे तळहाताची कड टेकते त्या फळीबद्दल, बहुतेक जण सांगतात, घट्ट करा. मला हे पटत नाही. मीही हातमोज्यासारखी घट्ट केली होती. वीस मिनिटांत करंगळीकडची कड बधिर व्हायची आणि हात थरथरायचा. दोन मिलिमीटर सैल केल्यावर हात आपोआप आत जातो, ढकलावा लागत नाही आणि दर वेळी त्याच जागी बसतो. शिवाय ही फळी घासताना कोन बघा. ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन झाला तर नियमात बसत नाही. माझी फळी घासता घासता कडेला वर वळली होती. एका स्पर्धेआधीच्या तपासणीत ती नापास झाली आणि मॅचला पाऊण तास असताना बाथरूमच्या ओट्यावर पॉलिश पेपर घेऊन बसावं लागलं. त्या दिवशीचं पूर्ण प्रिसिजन वाया गेलं. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

साताऱ्याच्या पावसाचं वेगळंच. जुलैत घरातलं सगळं लाकूड फुगतं, ग्रिपही थोडी फुगली. त्यात हाताला घाम. घासून गुळगुळीत झालेल्या भागावर बोटं सरकायची आणि पाचव्या गोळीला पकड पहिल्या गोळीची राहायची नाही. मामांनी टोकदार पंचाने बारीक टिंबं ठोकून तो भाग पुन्हा खरखरीत केला. पॉलिश अजिबात लावू दिलं नाही. आता ग्रिप कपड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते.

आज साइट खाचेत मधोमध येते. दहापैकी आठ वेळा तरी, तेही डोळे मिटून. उरलेला त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात हात सुजल्यासारखा होतो आणि अंगठ्याखाली ग्रिप टोचते, डिसेंबरच्या पहाटे तीच सैल वाटते. यावर अजून लाकूड काढणार नाही. उन्हाळ्यात सरावाआधी पाच मिनिटं हात गार पाण्यात धरते, तेवढ्यावर भागतंय.