‘इंपोर्टेड’ कार्बन फिल्मच्या नावाखाली पाटीचं रेडियम

जळगाव-भुसावळकडचं कुणी गाडीच्या डॅशबोर्डला आणि दरवाज्यांच्या पट्ट्यांना घरच्या घरी फिल्म लावायच्या बेतात असेल, तर आधी हे वाचा. माझे २,८०० रुपये गेले ते गेलेच, वर गिअरभोवतीचं चकचकीत काळं पॅनलही गेलं.

जळगावातल्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात कार्बन डिझाइनची फिल्म पसंत केली. “भाऊ, कास्ट फिल्म आहे, इंपोर्टेड. सात वर्षं हलायची नाही.” काउंटरवर नामांकित कंपनीचा खोका ठेवलेला. माल मात्र आतल्या खोलीतून कापून, सुरळी करून आला. पाच फूट पन्ह्याचा चार फुटी तुकडा, चौरस फुटाला १४० रुपये. पक्कं बिल मागितलं तर “मग जीएसटी वरून लागेल” म्हणत हातात चिठ्ठी टेकवली.

सपाट पट्ट्यांवर फिल्म झकास बसली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं होतं, हवेचे फुगेही निघाले. एसीच्या जाळीच्या गोलाईवर मात्र ती ऐकेना. हेअर ड्रायरने गरम करून दाबली की बसायची, गार झाली की पुन्हा वर यायची. तरी दिसायला गाडी नवी दिसत होती, खोटं कशाला बोलू.

मग मे महिना. पारा ४४-४५ वर आणि गाडी उघड्यावर. कडा आत सरकल्या, उघड्या पडलेल्या पट्टीवर काळा चिकट गोंद राहिला, त्यावर धूळ बसली. काच खाली केल्याशिवाय बसवत नव्हतं, इतका वास. फिल्म ओढून काढली तर पॅनलवरचा काळा थर तिच्यासोबत सोलून आला.

उरलेला तुकडा भुसावळच्या ओळखीच्या रेडियमवाल्याला (चिकट फिल्ममधून पाट्यांची अक्षरं कापून देणाऱ्याला) दाखवला. त्याने बोटभर पट्टी कापली, हीटगनने गरम करून ताणली आणि टेबलावर ठेवली. बघता बघता ती आखडली. “भाऊ, हे तर आपलं पाटीचंच मटेरियल शे. वरती कार्बनचा छापा मारेल शे.” त्याने समजावलं ते असं: कास्ट फिल्म पातळ ओतून वाळवतात, म्हणून तिच्यात ओढ नसते. ही स्वस्तातली फिल्म पोळीसारखी गरम रुळांतून लाटलेली असते, ऊन लागलं की मूळ मापाकडे परत जाते. मागचा कागद त्याने उलटा करून दाखवला, कोरा करकरीत. चांगल्या कंपन्यांच्या कागदावर बहुतेक वेळा नाव छापलेलं असतं.

दुकानदाराकडे गेलो तर एकच पालुपद: “तुम्हाला लावता आली नाही.” खोक्यातला रोल दाखवा म्हटलं तर तो म्हणे संपला!

पैशांपेक्षा मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. विकताना हाच माणूस सांगत होता, की समोरच्या सीटपुढची एअरबॅगची झाकणीही झाकून टाका, “पातळ तर आहे, फाटेल आपोआप.” ती झाकणी ठरलेल्या रेषेवर फाटावी म्हणून बनवलेली असते. ‘एसआरएस’ (SRS, म्हणजे एअरबॅगची खूण) लिहिलेल्या भागावर कसलीही फिल्म, कितीही महागाची, लावू नका.

माल घ्यायचाच तर रोल डोळ्यांसमोर उलगडून कापून घ्या, आणि मूठभर तुकडा गरम करून, ताणून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर ‘कास्ट’ हा शब्द लिहून मागा. तिथेच बरेच जण भाव बदलतात. बिल न देणं आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोबत चिठ्ठीचा आणि तुकड्याचा फोटो, शिवाय यूपीआयची नोंद दिली. रोख दिले असते तर ती नोंदही हातात नसती. नवं पॅनल मागवलंय, त्याला फिल्म लावणार नाही.