बीपीएमएन २.० : कुंडईच्या कारखान्यात आठ महिने वापरल्यानंतर

फोंडा तालुक्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधांची पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या एका लहान कारखान्यात मी नियोजन आणि गुणवत्ता ही दोन्ही कामे पाहते. आमच्याकडे कामाचे नकाशे, म्हणजे कामाचे टप्पे बाणांनी जोडून दाखवणारी चित्रे, पूर्वीही होती, पण ती ऑडिटपुरती काढलेली होती आणि आर्टवर्कपासून डिस्पॅचपर्यंत त्यांतला एकही बाण मागे वळत नव्हता. पेस्टिंग विभागातील काकांनी जानेवारीत तो नकाशा पाहिला आणि विचारले, "मॅडम, सॉर्टिंगमधून परत आलेला माल यात कुठून जातो?" त्याचे उत्तर नकाशात नव्हते. तेव्हापासून आम्ही सगळे नकाशे बीपीएमएन २.० (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) या कामाचा प्रवाह दाखवणाऱ्या चिन्हपद्धतीत नव्याने काढत आहोत. ही पद्धत ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओचे मानक म्हणून मान्यता मिळाली.

या पद्धतीचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग म्हणजे फेरकाम आणि अपवाद या दोन गोष्टी तिने वेगळ्या करायला लावल्या. आपणच तपासणी करून माल नापास करतो तेव्हा तो निर्णय असतो आणि तो शंकरपाळीच्या आकाराच्या चिन्हाने दाखवला जातो. काम चालू असताना मध्येच काही घडते तेव्हा ती घटना असते आणि तिचे दुहेरी रेषेचे वर्तुळ त्या कामाच्या चौकटीच्या कडेवरच बसते. पूर्वी आम्ही दोन्हींना "प्रॉब्लेम" म्हणत होतो आणि दोन्हींवर एकच उपाय करत होतो, तो म्हणजे फोन.

फेरकामाचा बाण नेमका कुठे नेऊन टेकवायचा, यावर आमचा सर्वाधिक वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. सुरुवातीला मी सगळे बाण छपाईकडे वळवले होते, परंतु प्रत्येक दोषाची वाट निराळी असते. पेस्टिंग सुटले असेल तर तेच खोके पुन्हा चिकटवता येते. मजकूर चुकला असेल तर आर्टवर्क, ग्राहकाची मंजुरी आणि नवी प्लेट इथपर्यंत मागे जावे लागते. शिवाय छापलेला पुठ्ठा पुन्हा कोरा होत नाही, त्यामुळे मजकुराच्या चुकीला फेरकाम म्हणणेच चूक आहे. तो माल रद्द होतो आणि नवा पुठ्ठा लागतो, म्हणजे बाण स्टोअरमधून जायला हवा. हे चित्रात दिसेपर्यंत अशा वेळी स्टोअरला कोणी आगाऊ कळवतच नव्हते. दुरुस्त केलेला लॉट थेट डिस्पॅचला न जाता लाइन क्लिअरन्स (आधीच्या कामाचा माल जागेवर उरलेला नाही याची खात्री) घेऊन त्याच तपासणीतून पुन्हा गेला पाहिजे, हेही आता बाणच सांगतो. औषधांच्या खोक्यांत एका उत्पादनाचे खोके दुसऱ्यात मिसळणे किती गंभीर असते, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

मागे येणाऱ्या प्रत्येक बाणावर आम्ही आकडा लिहितो. समजा पेस्टिंग आणि तपासणी मिळून चार तास लागतात आणि दर वेळी पाचांपैकी एक लॉट परत येतो. तर सरासरी वेळ ४ भागिले ०.८ (पास होणाऱ्या लॉटचे प्रमाण), म्हणजे पाच तास धरावा लागतो. पाच टप्प्यांपैकी प्रत्येकात ९५ टक्के माल पहिल्याच फेरीत पास होत असेल, तरी कुठेही मागे न फिरता शेवटपर्यंत पोहोचणारा माल सुमारे ७७ टक्केच भरतो. मालकांना फेरकामाचे महत्त्व पटले ते या हिशेबाने.

अपवादांत घड्याळाचे चिन्ह सर्वांत उपयोगी ठरले. दोन दिवसांत प्रूफची मंजुरी आली नाही तर तुटक रेषेच्या वर्तुळातून आठवणीचे पत्र जाते आणि वाट पाहणे चालूच राहते. पावसाळ्यात चोर्ला घाटात वाहतूक अडली आणि बेळगावहून येणारा पुठ्ठा आला नाही तर मात्र अखंड रेषेचे वर्तुळ लागते, कारण तो जॉब थांबवून दुसरा लावावा लागतो. पूर्ण झालेले काम उलटवण्यासाठीही स्वतंत्र चिन्ह आहे: परराज्यात जाणारा माल ऐन वेळी थांबवला तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन बिल) तयार झाल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करायचे असते, आणि ते कोणी करायचे हे आता ठरलेले आहे. ऑर्डर रद्द होण्याचा प्रसंग कोणत्याही टप्प्यावर येतो, म्हणून सगळे टप्पे एका मोठ्या चौकटीत घेऊन तिच्या कडेवर एकच वर्तुळ काढले.

काही उणिवा मात्र जाणवल्या. परतीचे प्रमाण लिहायला या चिन्हांमध्ये स्वतंत्र जागा नाही. ते बाणाच्या नावात किंवा टिपणात कोंबावे लागते. तुटक आणि अखंड रेषेतला फरक झेरॉक्समध्ये दिसत नाही, म्हणून आम्ही वर्तुळाशेजारी "काम चालू" किंवा "काम बंद" असे शब्दांत लिहितो. चिन्हे इतकी आहेत की सगळी वापरली तर कामगार नकाशाकडे पाहणार नाहीत. आम्ही सातांवरच थांबलो. सुचतील तेवढे सगळे अपवाद काढण्याची चूक मी मार्चमध्ये केली आणि नकाशा वाचण्याजोगा राहिला नाही. आता निदान दोनदा घडलेला अपवादच नकाशात जातो, बाकीचे वहीत राहतात. चवथीच्या सुट्टीनंतर त्या वहीतून दोन अपवाद नकाशात आले, आणि ते कुठे बसवायचे हे पेस्टिंगच्या काकांनी दाखवले.