वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या निमित्ताने आयुष्मान कार्डाचा अनुभव

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले, आणि पांढरे रेशनकार्ड असलेल्या आमच्या घरालाही त्याचा आधार मिळाला. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांचे ‘वय वंदना’ कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचे आयुष्मान कार्ड, आधार क्रमांकावरून नाशिकरोडला घरीच, मोबाईलवर निघाले.

अँजिओप्लास्टीचा दर्जा उत्तम होता. डॉक्टरांनी अहवाल समोर ठेवून शांतपणे सगळे समजावले, आणि कार्डावरचे रुग्ण म्हणून आमच्याशी कुणी वेगळे वागले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अडचण आली ती त्याआधी. शहरातील ज्या अंगीकृत (योजनेत सहभागी) खासगी रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो, तेथे योजनेच्या खाटा शिल्लक नाहीत असे तोंडी सांगून अनामत रक्कम मागण्यात आली; छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रिक्षातून दुसरीकडे नेताना जी घालमेल झाली, ती कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला येऊ नये. दुसऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याने, कागदपत्रे तपासून पूर्वमंजुरीचा अर्ज लगेच पाठवला.

घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची औषधे योजनेतच मिळाली. त्यानंतरच्या रोजच्या गोळ्यांचा आणि बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च मात्र आम्हीच करतो, कारण योजना मुख्यतः दाखल रुग्णांपुरतीच आहे. गोळ्या आम्ही जनऔषधी केंद्रातून आणतो.