डीएनए किटमधला निअँडरथल रिपोर्ट: टक्क्यांसाठी घेऊ नका, रॉ डेटासाठी घ्या

थुंकीवरून वंशाची माहिती देणारं एका अमेरिकन कंपनीचं किट मी आणि आई, दोघांनी घेतलं. ओळखीतले बरेच जण विचारतात की निअँडरथल रिपोर्टसाठी पैसे घालवावेत का, म्हणून फक्त त्याच भागाबद्दल लिहितोय. निअँडरथल म्हणजे आता नामशेष झालेली माणसाची एक जुनी जात, आपल्या पूर्वजांशी तिचा संकर झाला, म्हणून तिचा थोडा डीएनए आपल्यातही आहे.

सॅम्पल देणं सोपं आहे, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नळीत खुणेपर्यंत थुंकी भरायची, झाकण बंद केलं की त्यातलं द्रावण मिसळतं, मग पाकीट पोस्टात टाकायचं. वयस्कर माणसांचं तोंड कोरडं असतं, आईला बराच वेळ लागला, त्यांना घाई करू नका.

आता रिपोर्ट. उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरात काय दिसतं, तर आमच्या अमुक टक्के ग्राहकांपेक्षा तुमच्यात निअँडरथल डीएनए जास्त आहे. मला हे मुळीच पटलं नाही. आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक माणसात हा वारसा साधारण २ टक्केच असतो, माणसामाणसात फरक अगदी थोडा, त्याची क्रमवारी लावून काय कळणार? वर त्यांचे बहुतेक ग्राहक युरोपियन वंशाचे, म्हणजे माझी तुलना कोणाशी चाललीय तेही धड समजत नाही. सरळ केस वगैरे गुणांचा जो भाग आहे तो वरवरचा आहे, सोडून द्या.

खरी गोष्ट आहे कुठला तुकडा आपल्याकडे आलाय ही, आणि तीच रिपोर्टमध्ये नाही! २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, क्रोमोसोम ३ वरचा (क्रोमोसोम म्हणजे डीएनएची लांब साखळी, प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून) सुमारे ५० हजार डीएनए अक्षरांचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलाय, आणि तो क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सापडलेल्या सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलच्या जीनोमशी, म्हणजे संपूर्ण डीएनएशी, जुळतो. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात १६ टक्क्यांच्या आसपास, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. म्हणजे हा विषय थेट आपल्या घरातला आहे आणि भारतीय ग्राहकाला त्याबद्दल एक ओळसुद्धा मिळत नाही, याचा मला खरंच राग आला. याच दोघांनी २०२१ मध्ये क्रोमोसोम १२ वरचा, उलट संरक्षण देणारा निअँडरथल तुकडाही दाखवला, तोही रिपोर्टमध्ये नाही.

मग मी दोघांचा रॉ डेटा, म्हणजे डीएनएतल्या तपासलेल्या ठिकाणांची अक्षरं जशीच्या तशी देणारी फाइल, उतरवून घेतला आणि आरएस १०४९०७७० (rs10490770) या क्रमांकाचं ठिकाण शोधलं, तिथे 'सी' अक्षर असेल तर तो धोक्याचा तुकडा असण्याची शक्यता खूप. आईकडे एक प्रत निघाली, माझ्याकडे नाही, म्हणजे तिच्या क्रोमोसोम ३ च्या दोन प्रतींपैकी दुसरीवरचा भाग माझ्याकडे आला. रिपोर्टमधले आमचे आकडे जवळजवळ सारखे होते बरं का! हे एवढं बघितल्यावर मला किटचे पैसे वसूल वाटले. फक्त यावरून कोणी घाबरू नका, कोविडमध्ये वयाचा धोका याहून खूप मोठा होता, आणि अशा फाइलमध्ये चुकाही असतात, आजारपणाचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या.

रिपोर्टमधलं निअँडरथलांबद्दलच्या माहितीचं पानही जुनं आहे. २०१० मध्ये निअँडरथल जीनोमचा पहिला आराखडा आला इतकंच त्यात आहे. २०२४ च्या अभ्यासानुसार हा संकर साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी, जवळपास ७ हजार वर्षं चालू होता, ते नाही. २०२५ मध्ये भारतातल्या २,७०० हून जास्त लोकांच्या जीनोमचा अभ्यास आला, त्यात निअँडरथल तुकड्यांची सगळ्यात जास्त विविधता भारतीयांमध्ये दिसली, तेही नाही. पैसे घेता तर पान अपडेट करा ना.

प्रायव्हसीचा विचार ऑर्डर करायच्या आधी करा. अशी किटं विकणाऱ्या ट्वेंटीथ्रीअँडमी (23andMe) या कंपनीच्या २०२३ मधल्या डेटाचोरीत सुमारे ६९ लाख लोकांची माहिती गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमचा डीएनए म्हणजे भावाबहिणींचाही साधारण अर्धा असतो, त्यांना आधी विचारा.

पाचपैकी तीन स्टार, तेही रॉ डेटा मिळतो म्हणून. सेलमध्ये घ्या, फाइल उतरवून ठेवा, मग सॅम्पल नष्ट करायची विनंती टाका, सेटिंगमध्ये तो पर्याय असतो.