एकाच अंगणात आयएक्स१ आणि क्यू३: मराठवाड्यात वापरून पाहिल्यावर

पन्नास लाखांच्या आसपास बजेट असेल, तर आज छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रिक आणि पेट्रोल या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक आयएक्स१ लाँग व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली) जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाख एक्स-शोरूमला आली आणि ऑडीची क्यू३ पेट्रोलही त्याच्याच आगेमागे मिळते. आमच्या एकत्र कुटुंबात या दोन्ही गाड्या आहेत. क्यू३ धाकट्या भावाची, आयएक्स१ माझी. पण ज्याच्या हाताला जी चावी लागेल ती त्याची, अशी आमच्याकडची रीत आहे. त्यामुळे उन्हाळा, पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम या तिन्हींत मी दोन्ही गाड्या भरपूर चालवल्या. इंटरनेटवरचे तुलनेचे व्हिडिओ बहुतेक पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरचे असतात. आपल्याकडे मात्र गाडी रात्री कुठं मुक्कामाला असते आणि तिथली लाइट कशी आहे, यावरच निम्मा निकाल लागतो.

आधी पैशाचं सांगतो, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. वीस लाखांच्या वरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली की महाराष्ट्रात १३ टक्के रस्ता कर लागतो. म्हणजे या किमतीला सहा लाखांच्या वर रक्कम नुसती पासिंगला जाते. इलेक्ट्रिकला हा कर नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला होता, पण सरकारने तो मागे घेतला. जीएसटीतही इलेक्ट्रिकला ५ टक्के आणि मोठ्या पेट्रोल एसयूव्हीला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जीएसटी शोरूमच्या किमतीतच धरलेला असतो, पण रस्ता करामुळे शोरूममधली किंमत सारखी दिसली तरी रस्त्यावर येईपर्यंत दोघींत चांगलं अंतर पडतं.

रोजच्या खर्चाचा हिशोबही सरळ आहे. आयएक्स१ला शंभर किलोमीटरला माझ्या चालवण्यात साधारण १८ युनिट लागतात. चार्जिंगमधली गळती धरली तर वीस. बाहेर फास्ट चार्जरवर युनिट वीस रुपयांच्या पुढं पडतं, म्हणजे चारशे-साडेचारशे रुपये झाले. क्यू३ आमच्याकडे लिटरला अकराच्या आसपास ॲव्हरेज देते आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे तेवढ्याच अंतराला साडेनऊशे रुपये. परभणीकडच्या लोकांना तर पेट्रोलच्या दराचं वेगळं सांगायला नको, राज्यातल्या सगळ्यात महाग दरांत त्यांचं नाव कायम असतं. आमच्या घरावर सोलर आहे आणि नेट मीटर (जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करणारं) आहे, त्यामुळे शहरातलं फिरणं आम्हाला जवळजवळ फुकट पडतं. सोलर नसेल तर मात्र सावध राहा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं चढतं आणि गाडी घरी लावली की ५०० युनिटांच्या वरचा महागडा टप्पा लगेच गाठला जातो. गाडी बुक करण्याआधी स्वतःचं मागच्या मे महिन्याचं बिल काढून बघा. शिवाय ११ किलोवॉटचा चार्जर बसवायचा तर थ्री फेज कनेक्शन आणि मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज गाडी यायच्या आधीच करा.

आता चालवण्याबद्दल. इलेक्ट्रिक म्हणजे वेगवान, असं सरसकट बोललं जातं. या जोडीत ते खरं नाही. आयएक्स१ लाँग व्हीलबेसची ताकद २०४ एचपी आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २५० न्यूटन मीटर. क्यू३च्या दोन लिटर टर्बो इंजिनाची ताकद १९० एचपी, पण टॉर्क ३२०. शून्य ते शंभरला कंपनीच्या आकड्यानुसार आयएक्स१ला ८.६ सेकंद लागतात आणि क्यू३ला ७.३. क्रांती चौकात सिग्नल सुटल्यावर किंवा जालना रोडच्या गर्दीत आयएक्स१चा पिकअप पायाखालीच असल्यासारखा वाटतो. गिअर पडायची वाट बघावी लागत नाही. पण केजच्या रस्त्यावर उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढं असतो, मागं रिफ्लेक्टर नसतो, समोरून एसटी येत असते आणि ऐंशीवरून शंभर-एकशेदहाला झटक्यात जायचं असतं. त्या जागी क्यू३ जास्त भरवशाची वाटते. डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन गिअर खाली टाकतो आणि गाडी ओढून नेते. तो आवाज आणि ती ओढ मला आवडते, हे मनापासून सांगतो.

समृद्धी महामार्गावर चित्र पालटतं. एकशेवीसच्या मर्यादेत क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावून ठेवला की आयएक्स१मध्ये फक्त टायरचा आणि वाऱ्याचा आवाज येतो. मागं बसलेले जालना ओलांडेपर्यंत झोपलेले असतात. ६६.४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर कंपनी ५३१ किलोमीटर सांगते, पण तो आकडा चाचणीतला आहे. शंभरच्या आत राहिलं तर मला ३७०-३८० मिळतात. एकशेवीसला आणि मेच्या उन्हात एसी पूर्ण लावून तीनशेवर यायची तयारी ठेवा. नागपूरला जाताना मधे एक थांबा लागतोच. चांगला डीसी, म्हणजे फास्ट, चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के अर्ध्या तासात होतं, तेवढ्यात चहा आणि पाय मोकळे करणं होऊन जातं. पण एका ठिकाणी ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला आणि पुढच्या चार्जरपर्यंत नव्वदच्या वेगानं जावं लागलं. तेव्हापासून बॅटरी तीस टक्क्यांखाली जायच्या आतच मी थांबतो. क्यू३ घेऊन गेलो तर यातलं काहीच डोक्यात नसतं. टोलचा फायदा मात्र इलेक्ट्रिकलाच आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धीचा टोल माफ आहे. पैसे कापले गेले नाहीत ना, हे फास्टॅगच्या मेसेजवर बघत चला.

माझ्यासाठी खरी परीक्षा होती ती गावची. अंबाजोगाईजवळचं आमचं गाव घरापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. जाणं एका चार्जमध्ये आरामात होतं, येणं होत नाही. म्हणून पहिल्याच खेपेला १५ अँपियरचा पोर्टेबल चार्जर सोबत नेला. वाड्याच्या भिंतीवरच्या पॉवर प्लगला लावला तर डब्यावर लाल दिवा. दुसऱ्या प्लगला लावला, तरी लाल. गावातल्या वायरमननं होल्डरला बल्ब लावला, एक वायर फेजला धरली, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटलाच नाही. घराला अर्थिंगच नव्हतं! पंखे, फ्रिज, मिक्सर सगळं वर्षानुवर्षं तसंच चालत होतं. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय बॅटरीकडे करंट सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी हौदाजवळ, जिथं जमीन कायम ओली असते तिथं, खड्डा घेतला. तांब्याची प्लेट उभी सोडली, कोळसा आणि मिठाचे थर दिले, जाड वायर पाइपातून मीटरपर्यंत आणली आणि वरून चार घागरी पाणी ओतलं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, खाट टाकून सगळं बघत होते. दिवा हिरवा झाला तेव्हा म्हणाले, “गाडीच्या निमित्तानं घराला अर्थिंग झालं की रे. तुझी आई न्हाणीघरात ओल्या हातानं बटन दाबती, मला लई भ्या वाटायचं.” आता गिझरच्या बॉडीत करंट उतरून आईला झटका बसायची धास्ती कमी झाली. ही गोष्ट मला गाडीच्या कुठल्याही फीचरपेक्षा मोठी वाटते. ज्यांचे आई-वडील गावी राहतात त्यांनी गाडी असो-नसो, घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्यावं.

एवढं झाल्यावरही चार्जिंग बेतानंच होतं. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्या डीपीवरचं (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज खाली बसतं आणि चार्जर थांबत थांबत चालतो. रात्री अकरानंतर सुरळीत होतं. सकाळपर्यंत वीसेक युनिट भरतात, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर. गाडीत आधीचं थोडं शिल्लक असेल तर घर गाठायला पुरतं. परतीला मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरताना ब्रेकऐवजी मोटारच गाडी धरते आणि वीज बॅटरीत परत जाते. घाटाच्या खाली आल्यावर टक्का घसरलेला नसतो, ते बघायला छान वाटतं.

आईचं मत विचाराल तर ती आयएक्स१च्या बाजूनं आहे. या गाडीचा व्हीलबेस २,८०० मिलीमीटर आहे, क्यू३चा २,६८०. फरक सगळा मागच्या सीटवर दिसतो. आईचे गुडघे दुखतात, क्यू३मध्ये तिला बीडला उतरून पाय सरळ करावे लागतात. आयएक्स१मध्ये अंबाजोगाई ते संभाजीनगर ती आरामात येते. फक्त खाली बॅटरी असल्यामुळे पायाखालची जमीन थोडी उंच वाटते, मांड्या सीटवर पूर्ण टेकत नाहीत. आम्ही पाठीमागे छोटी उशी ठेवतो. बाहेरच्या बाजूनं एक जपायला हवं. हळू चालवताना गाडीचा आवाज इतका कमी असतो की गल्लीतल्या शेळ्या आणि म्हातारी माणसं बाजूला होत नाहीत. तिथं हॉर्नवर न विसंबता थांबायचं.

पावसाळ्यात मात्र क्यू३ला तोड नाही. आयएक्स१ लाँग व्हीलबेसची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते, क्यू३ला क्वाट्रो आहे, म्हणजे ताकद चारही चाकांना जाते. शेतातल्या आखाड्याकडे जाणारी पाणंद काळ्या मातीची. दोन सरी पडल्या की राड होते आणि माती चाकाला चिकटून बसते. क्यू३ त्यातून हळूहळू निघते. इलेक्ट्रिक गाडी मी त्या रस्त्याला नेतच नाही, वजनही जास्त आणि खाली बॅटरी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा, मांजरा, गोदावरी दुथडी भरून वाहत होत्या. गावात लाइट नव्हती, कोणता पूल पाण्याखाली आणि कोणता रस्ता चालू हे तासातासाला बदलत होतं. अण्णांना औषधं पोहोचवायची होती. भावानं टाकी फुल्ल केली, मागं कॅनमध्ये पिण्याचं पाणी टाकलं आणि क्यू३ काढली. तिथं दुसरा विचार करायला जागाच नव्हती. वळसे घेत घेत गेला आणि गावात चार दिवस गाडी तशीच वापरली.

क्यू३बद्दल आम्हाला आणखी एक आपुलकी आहे. ही गाडी शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जोडली जाते. २०१० मध्ये याच शहरानं एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याची बातमी देशभर झाली. माझ्या लेखी शेंद्र्यात आपल्या पोरांच्या हातून गाडी बाहेर पडते, ही त्याहून मोठी बातमी आहे. आता बिडकीनला एथर, टोयोटा, जेएसडब्ल्यू यांनी प्रकल्प जाहीर केले आहेत. उद्या इथंच तयार झालेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घेता आली तर मी पहिल्या रांगेत असेन.

सर्व्हिसिंगचं थोडक्यात: इलेक्ट्रिकला इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग काही नाही, बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे. पुनर्विक्रीची किंमत आणखी तीन-चार वर्षांनी कळेल. शहरात घर, छतावर सोलर, प्रवास मुख्यतः समृद्धीनं, असं ज्यांचं आहे त्यांनी आयएक्स१ बिनधास्त घ्यावी. लातूर, हिंगोली, नांदेडच्या आतल्या भागात कामानिमित्त रोज जाणाऱ्यानं आज तरी क्यू३च घ्यावी. बीड सोडल्यावर लातूरपर्यंत डोळे झाकून भरवसा ठेवावा इतके फास्ट चार्जर अजून झालेले नाहीत. त्या पट्ट्यात कोणाचा पेट्रोल पंप असेल, हायवेला हॉटेल असेल, जागा आणि थ्री फेज असेल, त्यांनी एक चांगला चार्जर बसवावा आणि तो चालू ठेवावा. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, कुठंही चालेल. आमचं जेवण तिथंच होईल.