शाळेचं पालक ॲप, दोन वर्षं वापरून: ५ पैकी अडीच स्टार

ॲपचं नाव घेत नाही आणि शाळेचंही नाही, कारण पोरगी अजून तिथंच शिकतीय. तसंही ही ॲप सगळी सारखीच असतात, निळा रंग, वर शाळेचा लोगो, कोपऱ्यात घंटी आणि घंटीवर कायम लाल आकडा. आमची लातूरमधली खाजगी शाळा, मुलगी दुसरीत. वर्षाला ६०० रुपये ‘टेक्नॉलॉजी चार्जेस’ म्हणून फीच्या पावतीत लावतात, म्हणजे फुकटात वापरत नाही, पैसे मोजलेत म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता रडायलाच बसलाय. बसचं ट्रॅकिंग एक नंबर आहे. बस कुठल्या चौकात आहे ते नकाशावर दिसतं, पावसाळ्यात तर लै उपयोग झाला, उगं स्टॉपवर भिजत उभं राहायला नको. फीची पावती लगेच येते, हरवत नाही. सुट्टीचा अर्ज दोन बटणात जातो, पूर्वी वहीत चिठ्ठी लिहून मॅडमची सही आणा, ती वही दप्तरात चुरगाळणार, ते सगळं गेलं. एवढ्याचे अडीच स्टार दिलेत, मनापासून दिलेत.

आता आमच्या घरचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी मार्केट यार्डात अडत दुकानावर हिशेब बघतो. बायको औशाला नोकरीला, सकाळी साडेआठलाच निघते. लेकरू खरं तर माझ्या आईच्या हातात आहे. वेणी आई घालते, डबा आई भरते, स्टॉपवर सोडायला आणि दुपारी आणायला आईच, शाळेत कोणाशी भांडण झालं आणि कोणी रबर चोरला हे सुद्धा पहिल्यांदा आईलाच कळतं. आणि आईकडं बटणाचा फोन. आता ॲपच्या हिशोबानं पालक म्हणजे काय, तर एक मोबाईल नंबर, तो पण ॲडमिशन फॉर्मवर बापाचा लिहिलेला. बायकोनं तिच्या फोनवर लॉगिन केलं की माझ्याकडून बाहेर पडतं, परत घ्यायचं तर ओटीपी माझ्या नंबरवर, ती औशात, मी सौद्यात. आई तर त्यांच्या यादीतच नाही.

मेसेज सगळे इंग्रजीत. सेटिंगमध्ये मराठी आहे म्हणतात, ती निवडली की फक्त बटणांची नावं मराठी होतात, आतला मजकूर तसाच ‘डिअर पॅरेंट, युवर वॉर्ड’, वॉर्ड म्हणजे आपलं लेकरू. आणि येतात कधी, तर रात्री पावणेदहाला. ‘उद्या मुलांना भाजीवाला, पोस्टमन किंवा शेतकरी असा वेश करून पाठवा’. अहो पावणेदहाला गंजगोलाईच्या बाजारात कुठलं दुकान उघडं असतंय? आमच्याकडं आजोबांचं धोतर आणि पटका होता म्हणून निभावलं, पटका एवढा मोठा की पोरगी दिसेचना, नुसतं पागोटंच चाललंय असं वाटत होतं. पहिलीला होती तेव्हा तर आणखी मजा. २०२४ ला शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून काढलं, चांगला निर्णय, लेकरांची झोप तरी होते, पण आमच्या ॲपवर बसची नवीन वेळ एका आठवड्यात तीन वेळा आली आणि तिन्ही वेगळ्या. शेवटी बसच्या मामालाच विचारलं.

या बसच्या मामाचं पुढं सांगतो, ते महत्त्वाचं आहे.

तर येळवस. लातूर धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या, आख्खं गाव शेतात, ज्वारीत कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पांडव म्हणून दगड मांडून पुजायचे, मग जेवायला भज्जी, आंबील, उंडे, खीर. जिल्ह्यात त्या दिवशी कलेक्टरची स्थानिक सुट्टी असते, शहरात रस्ते ओस पडतात. शाळेलाही सुट्टीच होती. पण ॲपच्या कॅलेंडरात ती भरायची राहून गेली आणि ॲप बनवणाऱ्याला येळवस काय माहीत. आम्ही गावाकडं शेतात, पंगत बसलेली, भज्जी वाढून झालेली, बरोबर दहाला फोन वाजला. मी मोठ्यानं वाचलं, ‘युवर वॉर्ड इज ॲबसेंट टुडे’. आईनं नुसतं वॉर्ड ऐकलं आणि वाढता वाढता थांबली, म्हणली, ‘कोन हाय वॉर्डात? कोनाला ॲडमिट केलं?’ तिला समजावेपर्यंत आंबील गरम झालं. सगळे हसले, मी पण हसलो. आणि त्याच वेळी ॲपची घंटी म्यूट केली, ती चूक माझी, मान्य.

पण म्यूट का केली तेही बघा. त्याआधी दोन वेळा हजर असताना गैरहजर असा मेसेज आला होता. फोटो टाकले की प्रत्येक फोटोला वेगळी घंटी. स्नेहसंमेलनाचे २१४ फोटो, त्यात माझी पोरगी तिघात, एकात पाठमोरी. फी भरून झाल्यावर फी भरा. सगळ्याला एकच ट्रिंग असलं की माणूस महत्त्वाचं कुठलं आणि फालतू कुठलं हे बघायचंच सोडून देतो.

फेब्रुवारीत तेच झालं. यार्डात तुरीची आवक जोरात होती, मान वर करायला सवड नाही. शाळेनं त्या दिवशी काहीतरी कारणानं प्राथमिकचे वर्ग लवकर सोडले, मेसेज सकाळी सव्वानऊला ॲपवर, फोन म्यूट, बायको बसमध्ये, आई तर नाहीच. दोनला येणारी बस बाराच्या आत स्टॉपवर. स्टॉपवर कोणी नाही. मामानं पोरीला उतरवलं नाही, हे त्या माणसाचे उपकार. शाळेतून माझ्या नंबरवर फोन, सौदा चालू, फोन टेबलाच्या खणात. ॲपवर त्या वेळेला काय दिसत होतं सांगू का, मी नंतर बघितलं, ‘ड्रॉप्ड ॲट स्टॉप’, हिरवी टिक. बस स्टॉपवर थांबली की ते आपोआप टिक मारतंय, लेकरू उतरलं का बसमध्येच बसलंय याच्याशी त्याला घेणं नाही.

शेवटी मामानंच मार्ग काढला. स्टेअरिंगच्या वर त्यानं एक पुठ्ठा चिकटवलाय, वहीचा असतो तसला, त्याच्यावर पेननं लेकरांची नावं आणि पुढं नंबर. आईबापाचे नाहीत, जे माणूस स्टॉपवर येतंय त्याचे. कुठं ‘आज्जी’, कुठं ‘समोरचे किराणावाले’, कुठं ‘आत्या’. हे त्यानं स्वतःहून पहिल्या आठवड्यात सगळ्यांना विचारून लिहून घेतलेलं. आईला फोन केला, आई चुलीवरचं तसंच सोडून पाच मिनिटात स्टॉपवर. मला हे सगळं संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हणलं नंबर तरी वाढवून घेऊ. ॲपच्या मदतीच्या चॅटवर लिहिलं, चार दिवसांनी उत्तर, ‘हे तुमच्या शाळेच्या ॲडमिनकडून होईल’. शाळेच्या ऑफिसात गेलो, ‘सर, ते कंपनीकडून होतंय’. परत कंपनी, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. मोलाचा आहे तर घ्या की मग.

इथं माझ्या वहिनीचं सांगतो, कारण तुलना डोक्यात येणारच. वहिनी गावाकडं, औसा तालुक्यात, पुतण्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथं ॲप बिप काही नाही. पण वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात ही समिती आहे, पाऊण सदस्य पालकच पाहिजेत आणि एकूण निम्म्या बायका. आता खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर वहिनीला समितीवर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, रजिस्टर घरी यायचं आणि ती सही करायची. मग नवीन सर आले, त्यांनी मीटिंगची वेळच बदलली, दुपारी तीनला ठेवायचे ती संध्याकाळी रानातून बाया परत आल्यावर ठेवायला लागले, एवढंच केलं. आता वहिनी खिचडीचा तांदूळ मोजून घेतलेला बघते, पहिली ते पाचवीला लेकरामागं दिवसाला १०० ग्रॅम असतंय हे तिला पाठ आहे, आणि पुतण्या वाचण्यात कुठं अडखळतो हे पण तिला माहीतय. मला माझ्या पोरीचं ते ॲपवर बघावं लागतं, तिथं लिहिलंय ‘गुड प्रोग्रेस’.

खाजगीत समिती तशी नाही, पालक शिक्षक संघ असतो, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, फीच्या कायद्यातच आहे. मी कधी नाव दिलं नव्हतं. यंदा जूनमध्ये दिलं, चिठ्ठी काही निघाली नाही, पण मीटिंगमध्ये बोलायला मिळालं. म्हणलं, मेसेज दोन प्रकारचे करा, आज लेकरू लवकर सोडलं असलं काही असेल तर फोन किंवा साधा एसेमेस, बाकी फोटो बिटो ॲपवर टाका. माझ्यामागून सात आठ जण उठले, सगळ्यांच्या घरी आज्जीच आणायला जाते म्हणे. क्लास टीचर मॅडमनी तिथंच वही काढली आणि विचारलं, ‘तुमच्या घरी दुपारी लेकरू कोण घेतं, त्यांचा नंबर सांगा’. मामाचा पुठ्ठा शेवटी वर्गात पोचला.

या मॅडमचं आणखी एक. ॲपवर दर महिन्याला ‘पॅरेंट चाइल्ड ॲक्टिव्हिटी’ येते, मुलासोबत ज्वालामुखी बनवा आणि फोटो अपलोड करा असलं. ज्वालामुखी रात्री अकराला बाप बनवतो आणि लेकरू झोपलेलं असतं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी जुलैत वेगळंच दिलं, घरातल्या मोठ्या माणसाला विचारून या, तुम्ही लहान होता तेव्हा पाणी कुठून आणायचे. पोरगी दोन दिवस आईच्या मागं. आईनं ७२ च्या दुष्काळातली विहीर सांगितली, तळाला उतरून वाटीनं घागर भरायची, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेही, पहिल्या गाडीला १० डबे, ५ लाख लिटर. गाडीचे आकडे मी सांगितले, घागरीचं तिनं. मॅडमनी चार आज्ज्यांना वर्गात बोलावलं. आई काठापदराचं नेसून गेली, सोबत पितळेची घागर. तिथं लेकरांना म्हणली उचला बरं, रिकामीच दोघांना मिळून उचलंना. तेव्हापासून आमची पोरगी दात घासताना नळ बंद करते, आणि मी चालू ठेवला तर मला आज्जीचं नाव सांगून दटावते.

ॲपवर त्याचा फोटो आला, खाली लिहिलं ‘ग्रँडपॅरेंट्स डे सेलिब्रेटेड’. आईनं तो संध्याकाळी माझ्या फोनवर बघितला, चष्मा लावून, घागर नीट आलीय का ते बघितलं.

तुमच्या शाळेत हे ॲप येणार असेल तर पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की एका लेकरामागं किती नंबर चालतात, साधा एसेमेस जातो का, कारण एसेमेसचे पैसे शाळेला वेगळे पडतात म्हणून बऱ्याच शाळा ते घेतच नाहीत, आणि स्थानिक सुट्ट्या कॅलेंडरात कोण भरणार, त्या माणसाचं नाव. बसचं ट्रॅकिंग घ्याच, पण हिरव्या टिकवर विसंबू नका.

एडिट: कालच्या अपडेटमध्ये दुसऱ्या पालकाचा नंबर टाकायची सोय आली. आनंदानं उघडलं तर ईमेल आयडी सक्तीचा. आता आईचा ईमेल काढायला बसलोय. तिला विचारलं पासवर्ड काय ठेवू, म्हणली, ‘मला कशाला रं ते, मामाकडं नंबर हाय की माझा.’